फ्लेक ५६०० सॉफ्टनर: व्हॉल्व्ह दणकट, पण ड्रेनचं काय?

बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर घ्यायला गेलं की दुकानदार रेझिन (पाण्यातला जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी) किती लिटर ते सांगतो, टाकी दाखवतो आणि थेट भावावर येतो. या यंत्रातून दर पाच-सहा दिवसांनी तीनेकशे लिटर पाणी बाहेर पडणार, त्यातलं बरंच खारट असणार आणि त्याला कुठेतरी वाट हवी, हा विषय निघतो तो फिटर दारात आल्यावर. मग जवळ जी मोरी, जो रेनवॉटरचा पाइप, जी बाग दिसेल तिकडे अर्ध्या इंची नळी सोडून तो मोकळा होतो. म्हणून हे परीक्षण ड्रेनच्या बाजूने लिहिलं आहे. पाणी मऊ करण्याचं काम या यंत्राला जमतंच. वाया जाणारं पाणी ते नीट बाहेर टाकतं का आणि टाकी रिकामी करायची वेळ आली तर ती कशी होते, हे पाहायचं.

समोर धरलेला संच असा: १० बाय ५४ इंची एफआरपी (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) टाकी, आत ४० लिटर रेझिन, डोक्यावर फ्लेक ५६०० व्हॉल्व्ह आणि शेजारी मिठाची प्लास्टिकची टाकी. चार-पाच माणसांच्या घराला हा पुरतो. व्हॉल्व्ह पेंटेअर कंपनीचा, अमेरिकन घराण्यातला. याच कंपनीचा गोव्यात वेर्ण्याला कारखाना आहे. रचना जुनी आणि सरळ आहे. मधोमध एक पिस्टन, त्याच्याभोवती सील आणि स्पेसरची चळत, आणि पिस्टन मागेपुढे सरकवणारी छोटी मोटर. यांत्रिक टायमरचा, पाणी मोजून चालणारा आणि एसएक्सटी हा डिजिटल, असे प्रकार मिळतात. टायमरवाल्याला १२ दिवसांचं चाक असतं. ज्या दिवसाची पट्टी बाहेर ओढाल त्या दिवशी रिजनरेशन होतं, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन पुन्हा ताजं केलं जातं. घर सतत भरलेलं असेल तर टायमर चालून जातो. माणसं येऊनजाऊन असतील तर मीटरचाच घ्या, नाहीतर रिकाम्या घरातही मीठ आणि पाणी गटारात जात राहतं.

आधी हिशोब, कारण ड्रेनचं सगळं गणित त्यावर आहे. दर लिटर रेझिनला साधारण १२० ग्रॅम मीठ दिलं तर ते ५० ग्रॅमच्या आसपास हार्डनेस, म्हणजे पाणी जड करणारे क्षार, धरून ठेवतं. म्हणजे ४० लिटरचे २,००० ग्रॅम. बोअरच्या पाण्याचा हार्डनेस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल (आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह आणि ६०० ही पर्यायी स्रोत नसल्यास चालणारी मर्यादा आहे) तर एका भरण्यात ४,००० लिटर पाणी मऊ होईल. माणशी १३५ लिटर धरले तर पाच माणसांना रोजचे ६७५ लिटर. हे सहा दिवसांना जेमतेम पुरतं, म्हणून पाच दिवसांवर लावायचं. दर वेळी मीठ ४ किलो ८०० ग्रॅम. वर्षाला ७३ फेऱ्या, साडेतीनशे किलो मीठ, २५ किलोच्या चौदा गोण्या. यातलं बहुतेक मीठ शेवटी ड्रेनमधूनच बाहेर जातं. घरात नळाला येतो तो क्षारांच्या बदल्यात सुटलेला सोडियम. क्लोराइड मात्र जवळजवळ पूर्ण गटाराकडे.

एका फेरीतलं पाणी असं जातं: बॅकवॉश (खालून वर उलटं पाणी सोडून रेझिन धुणं) १० मिनिटं, मिठाचं पाणी ओढणं आणि संथ धुलाई मिळून ६० मिनिटं, जलद धुलाई १० मिनिटं, आणि शेवटी मिठाच्या टाकीत पुढच्या वेळचं पाणी भरणं. बॅकवॉशला मिनिटाला १० लिटर म्हणजे १०० लिटर, जलद धुलाईला तेवढंच, मधला तासभर अगदी बारीक धारेने आणखी शंभरेक लिटर. वर्षाचे बावीस हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीने हा आकडा घेण्याआधीच बघावा.

आता ड्रेनचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो बाहेरून दिसतच नाही. व्हॉल्व्हमधून ड्रेनची नळी निघते तिथे आत रबराची एक जाड चकती असते. तिला डीएलएफसी म्हणतात. तिच्या मधल्या भोकातून ठरावीक पाणीच जातं. दाब वाढला की रबर दबतं, भोक लहान होतं आणि प्रवाह तेवढाच राहतो. १० इंची टाकीला ती २.४ किंवा २.७ गॅलन प्रति मिनिटाची, म्हणजे ९ ते १० लिटरची लागते. ८ इंचीला साडेसहाच्या आसपास, १२ इंचीला पंधरा. टाकी बदलली की चकती बदलायला हवी, आणि घोटाळा होतो तो इथेच. दुकानात तयार व्हॉल्व्ह एका मापाच्या चकतीसह पडून असतात आणि समोर जी टाकी असेल तिच्यावर तसेच चढवले जातात.

चकती लहान पडली तर बॅकवॉशला रेझिन उचललंच जात नाही. बोअरमधला गाळ, लोखंडाचा गंज आणि रेझिनचा चुरा आतच साचतो, सहा महिन्यांत नळाचा दाब पडतो आणि दोष पंपाला दिला जातो. चकती मोठी असली किंवा कुणी 'फ्लो कमी येतोय' म्हणून काढूनच टाकली असली तर रेझिन थेट ड्रेनमधून निघून जातं. एक बारकावा: पुस्तकातले आकडे थंड देशांतल्या पाण्याचे असतात. आपल्याकडचं २८-३० अंशांचं पाणी पातळ वाहतं, रेझिनला कमी उचलतं; त्यामुळे दोन मापांमध्ये अडकलात तर वरचं घ्या. टाकीत रेझिनच्या वर त्याच्या किमान निम्म्या उंचीची मोकळी जागा असायला हवी. ५४ इंची टाकीत ४० लिटर भरल्यावर ती बेताची राहते. 'फुकट' म्हणून ५० लिटर भरून देणारा विक्रेता उपकार करत नाही.

हे तपासायला यंत्रं लागत नाहीत. पहिल्या दिवशीच बॅकवॉशवर लावून ड्रेनची नळी दहा लिटरच्या बादलीत धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली साधारण एका मिनिटात भरायला हवी. ४० सेकंदांत भरली तर चकती मोठी आहे किंवा नाहीच. दोन मिनिटं लागली तर चकती लहान आहे, नळी दबली आहे किंवा दाब कमी आहे. मग नळीच्या तोंडाला पांढरा रुमाल बांधून पाच मिनिटं पाणी जाऊ द्या. रुमालावर राजगिऱ्याएवढे पिवळसर, पारदर्शक मणी उरले तर ते रेझिन. नव्या संचात पहिल्या वेळी चिमूटभर चुरा येतो, तो सोडून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही मणी आले तर वरची जाळी बसलेली नाही, फुटली आहे किंवा चकतीचं माप चुकलं आहे.

ड्रेनची नळी किती लांब, किती उंच? कंपनीच्या सूचना स्पष्ट आहेत आणि त्या पाळण्याजोग्या आहेत. अर्ध्या इंचाची नळी २० फुटांपर्यंत. त्याहून लांब न्यायची तर पाऊण इंची. व्हॉल्व्हच्या वर ६ फुटांपर्यंत चढवता येते, पण लांबी १५ फुटांच्या आत आणि दाब ४० पीएसआय (दाबाचं एकक) असेल तरच; पुढच्या दर १० पीएसआयला आणखी २ फूट. नळी वर चढवून पुन्हा व्हॉल्व्हपेक्षा खाली सोडायची असेल तर शेवटच्या टोकाला सात इंचांचा वळसा ठेवायचा, त्याचा तळ व्हॉल्व्हच्या ड्रेन-जोडाच्या पातळीला. हा वळसा नसेल तर नळी सायफन होऊन टाकीतलं पाणी ओढत राहते. आपल्याकडे बाजारात जी हिरवी-पिवळी बागेची नळी वापरतात ती उन्हात मऊ पडते आणि कोपऱ्यावर चपटते. सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसीचा पाइप घाला, कोपरे कमीत कमी ठेवा. ड्रेनवर कॉक बसवू नका. कुणीतरी तो बंद करतंच.

चपटलेल्या नळीचा त्रास बॅकवॉशपेक्षा जास्त मिठाच्या पाण्याला होतो, आणि हे बहुतेक फिटर समजून घेत नाहीत. व्हॉल्व्हमध्ये इंजेक्टर नावाचा एक छोटा नोझल असतो. त्यातून वेगाने पाणी गेलं की मागे पोकळी तयार होते आणि मिठाच्या टाकीतलं पाणी वर ओढलं जातं. १० इंची टाकीला पांढरा, १ नंबरचा इंजेक्टर सर्वसाधारणपणे चालतो. पुढे ड्रेनमध्ये अडथळा असला, नळी फार उंच चढली किंवा तोंड गाळात बुडलेलं असलं की ही ओढ मरते. मीठ ओढलं जात नाही, पण शेवटी टाकीत पाणी भरण्याचा टप्पा ठरल्याप्रमाणे होतोच. ४ किलो ८०० ग्रॅम मीठ विरघळायला १३ लिटरच्या आसपास पाणी लागतं, मिनिटाला १.९ लिटरने ते सात मिनिटांत भरतं. आधीचे १३ लिटर तसेच, वर नवे १३. दोन-तीन फेऱ्यांत मिठाची टाकी काठोकाठ आणि नळाला पुन्हा पांढरे डाग. 'मीठ संपतच नाही, छान चाललंय' असं कुणी म्हणालं की समजावं, यंत्र बंद पडलेलं आहे.

इंजेक्टरला किमान दाबही लागतो, २० पीएसआय, म्हणजे १४ मीटर उंचीच्या पाण्याचा. दुमजली बंगल्याच्या गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याला सहा-सात मीटरचाच दाब येतो, गरजेच्या निम्मा. गच्चीवर टाकीच्या शेजारीच सॉफ्टनर बसवला तर तेवढाही नाही. प्रेशर पंप लागतोच. व्हॉल्व्हवर रिजनरेशनची वेळ कंपनीकडून रात्री दोनची येते आणि आपल्याकडे कितीतरी घरांत रात्री पंप बंद करून झोपतात! मग चाक फिरतं, पिस्टन जागा बदलतो आणि पाणी काहीच जात नाही. दुपारी अडीचची वेळ लावा, जेव्हा पंप चालू असतो आणि नळाला मागणी कमी. त्या दीड तासात घरात जड पाणीच येईल, तेवढं लक्षात ठेवा.

ओढ आहे की नाही ते बघायचं असेल तर संथ धुलाईच्या टप्प्यात मिठाच्या टाकीकडे जाणारी बारीक नळी व्हॉल्व्हपाशी सोडवा आणि जोडावर बोट ठेवा. बोट आत ओढलं गेलं पाहिजे. उलट पाणी बाहेर आलं तर इंजेक्टर किंवा ड्रेन तुंबलेला आहे. आधी ड्रेन बघा, मग इंजेक्टर: बायपास करून (पाणी सॉफ्टनरला वगळून वळवून) दाब सोडायचा, दोन स्क्रूंचं झाकण काढायचं, आतली जाळी आणि नोझल धुवायचं. भोकात तार किंवा सुई घालू नका. पितळेचं नाही, प्लास्टिकचं आहे ते. एकदा भोक मोठं झालं की ओढ गेली. लाकडी टूथपिक पुरते.

नळीचं शेवटचं टोक कसं असावं यात तडजोड नको. ती नहाणी ट्रॅपमध्ये किंवा चेंबरच्या पाण्यात बुडवून ठेवायची नाही. पाइपाचं तोंड आणि खालच्या पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कधीच एका इंचापेक्षा कमी नसलेलं, मोकळं अंतर हवं. मध्येच दाब गेला तर घाण पाणी उलटं ओढलं जाण्याचा धोका याच अंतराने टळतो. सोपा उपाय म्हणजे दोन इंची उभा पाइप, त्याच्या तोंडाला फनेल आणि वर क्लॅम्पने पक्की केलेली ड्रेनची नळी. नळी नुसती टाकून ठेवली तर पहिल्याच बॅकवॉशच्या झटक्याने ती उडते.

मिठाच्या टाकीला बाजूला एक ओव्हरफ्लोचं बोंड असतं. बऱ्याच घरांत ते उघडंच दिसतं, किंवा टी लावून मुख्य ड्रेनला जोडलेलं दिसतं. दुसरं जास्त वाईट, कारण बॅकवॉशला ड्रेनमध्ये दाब असतो आणि ते पाणी उलटं मिठाच्या टाकीत शिरतं. ओव्हरफ्लोला स्वतंत्र नळी द्या, ती फक्त उताराने गेली पाहिजे आणि तिचं तोंड बोंडापेक्षा किमान तीन इंच खाली.

पाणी सोडायचं कुठे? ४ किलो ८०० ग्रॅम मिठात सुमारे २.९ किलो क्लोराइड असतं. ३०० लिटरमध्ये त्याची सरासरी प्रति लिटर साडेनऊ हजार मिलिग्रॅमच्या पुढे जाते, आणि मधल्या टप्प्यात त्याच्या कितीतरी पट. पिण्याच्या पाण्यासाठी क्लोराइडची सर्वांत वरची मर्यादा १,००० आहे. हे पाणी बागेत गेलं तर झाडाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. मातीचं नुकसान जास्त टिकतं. काळ्या मातीत सोडियम बसला की तिचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वाळल्यावर ती दगडासारखी होते.

त्याहून मोठी चूक म्हणजे रेनवॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा. गच्चीवरच्या सॉफ्टनरचा ड्रेन पावसाच्या पाइपात सोडला की तो बहुतेक वेळा बोअरच्या शेजारच्या पुनर्भरण खड्ड्यात जातो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठतं, साठा मर्यादित असतो. वर्षाला साडेतीनशे किलो मीठ तुम्ही तुमच्याच बोअरला पाजता, आणि सॉफ्टनर मीठ काढत नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) वाढत जातो, त्याला सॉफ्टनरकडे उपाय नाही.

गच्चीच्या फरशीवर मोकळं सोडणं हाही आळशी प्रकार. क्लोराइड भेगांतून स्लॅबमध्ये उतरलं की सळया गंजतात, आणि तो खर्च सॉफ्टनरच्या किमतीत मावत नाही. सांडपाण्याच्या लाइनला, वर सांगितलेलं मोकळं अंतर (एअर गॅप) ठेवून जोडणं हाच धड पर्याय. सोसायटीला स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) असेल आणि त्याचं पाणी बागेला जात असेल तर कमिटीला आधी सांगा. एसटीपी मीठ काढत नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा भागात नदीतलं क्लोराइड वाढतं म्हणून २००८ साली लोकांनी मतदान करून घरगुती स्वयंचलित सॉफ्टनरवर बंदी आणली होती. आपल्याकडे तसं कुणी विचारत नाही, पण शेजारची लॉन वाळली की विचारतात.

बॅकवॉशचे पहिले शंभर लिटर मात्र खारट नसतात, फक्त गढूळ आणि जड. ते फरशी धुवायला, गाडीची चाकं धुवायला चालतात. दुपारची वेळ लावलेली असेल तर दहा मिनिटं नळी पिंपात धरणं अवघड नाही. त्यानंतर लगेच काढा.

५६०० चा आपल्याकडे खरा उणा मुद्दा विजेचा आहे. पिस्टन मोटरवर चालतो, त्यामुळे वीज गेली की तो जिथे आहे तिथेच थांबतो. बॅकवॉशच्या मध्ये वीज गेली आणि दाब टाकीच्या उंचीचा असला तर पाणी वाहतच राहतं. पुरेसा दाब असेल तर तासाला सहाशे लिटरपर्यंत. प्रेशर पंपही त्याच विजेवर असेल तर प्रवाह मंदावतो, पण थांबत नाही. यांत्रिक टायमरचं घड्याळही तेवढं मागे पडतं, आणि दर आठवड्याला महावितरणच्या दुरुस्तीचा शटडाऊन असलेल्या भागात महिन्याभरात दुपारचं रिजनरेशन संध्याकाळी, ऐन नळ चालू असताना यायला लागतं. व्हॉल्व्ह फार थोडी वीज खातो, त्याला घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. कधी ड्रेन बंदच होत नसेल, रात्रंदिवस बारीक धार असेल, आणि पिस्टन योग्य जागी आलेला असेल, तर सीलमध्ये कचरा अडकला आहे किंवा सील कापलं आहे. सॉफ्टनरच्या आधी एक गाळणी असली तर हे क्वचित होतं.

मीठ कोणतं, यावर मिठाच्या टाकीची साफसफाई ठरते. मिठागरातलं खडे मीठ स्वस्त, पण त्यात माती आणि न विरघळणारा गाळ असतो. टाकी वर्षातून एकदा तरी रिकामी करून धुवावी लागते. गोळीचं मीठ महाग, पण दोन-तीन वर्षं बघावं लागत नाही. स्वयंपाकाचं बारीक मीठ नको, त्याचा तळाशी लगदा होतो. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत वरच्या थराची घट्ट पोळी बसते आणि खाली पोकळी राहते. वरून टाकी भरलेली दिसते, खाली मीठ पाण्याला लागतच नाही. झाडूच्या लाकडी दांड्याने फोडा, सळई वापरली तर टाकीला भोक पडेल.

टाकी धुवायची तर आधी मीठ संपत येऊ द्या. बायपास करा, बारीक नळीचा नट सोडवा, उभ्या पाइपातला फ्लोट सरळ वर काढा. उरलेलं पाणी मगाने काढून चेंबरमध्ये ओता आणि वरून चार बादल्या साधं पाणी सोडा. तळाचा लगदा खरवडून काढा. फ्लोटच्या खालचा एअर चेक, ज्यात छोटा गोळा असतो, साध्या पाण्यात हलवून बघा. गोळा खुळखुळला पाहिजे. परत लावताना नट हातानेच घट्ट, मग अर्धा आटा. तिथून हवा शिरली तर पाणी ओढलं जाणार नाही. साबण वापरला असेल तर दोनदा धुवा.

घर बदलायचं असतं तेव्हा मुख्य टाकी रिकामी करायची वेळ येते. भरलेल्या या टाकीचं वजन ८० किलोच्या आसपास असतं. त्यातलं तीस-पस्तीस लिटर पाणी काढता येतं. तळाला तोटी नसते, त्यामुळे बहुतेक लोक ती आडवी करून ओततात आणि निम्मं रेझिन अंगणात सांडतं. बरोबर पद्धत सोपी आहे. आधी बायपास करा, व्हॉल्व्ह हाताने बॅकवॉशवर न्या म्हणजे आतला दाब ड्रेनमधून निघून जाईल, मग विजेचा अडॅप्टर काढा. नळ्या सोडवा आणि व्हॉल्व्ह घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून उचला. मध्ये जो उभा पाइप दिसतो, तो रायझर, तळातल्या जाळीपर्यंत गेलेला असतो. त्यात आठ-दहा मिलिमीटरची बारीक नळी अगदी तळापर्यंत घाला, पाण्याने भरून सायफन करा आणि दुसरं टोक टाकीच्या बुडाच्या खाली, मोरीत ठेवा. जाळी रेझिन अडवते, पाणीच येतं. दहा-पंधरा मिनिटांत टाकी उचलण्याजोगी होते, तरी दोघं लागतातच.

रायझर वर ओढू नका. एक इंच उचलला तरी खाली रेझिन आणि खडी सरकते आणि तो परत बसत नाही; मग सगळी टाकी उपसण्यावाचून गत्यंतर नाही. पाइपाच्या तोंडाला चिकटपट्टी लावा, टाकीच्या तोंडाला प्लास्टिक बांधा, आणि नेताना उभीच ठेवा.

गच्चीवरच्या संचाला आणखी एक धोका: वरचा कॉक बंद करून कुणी तळमजल्याचे नळ उघडे ठेवले तर सॉफ्टनरची टाकी खालून शोषली जाते. एफआरपी आतून दाब सोसते, पोकळी नाही. आतलं अस्तर सुटतं. गच्चीवर व्हॅक्यूम ब्रेकर (पोकळी होताच हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) हवाच, आणि वर सावलीही. या व्हॉल्व्हची मर्यादा ४३ अंशांची आहे आणि मे महिन्यातलं नागपूर-चंद्रपूर तिला जुमानत नाही.

पाणी काढलेलं रेझिन ओलसर राहिलं पाहिजे. आठवड्याभरात जोडणार असाल तर तोंड बांधलेलं पुरे. वर्षभर ठेवायचं असेल तर पाणी न काढलेलंच बरं; रेझिनवर मिठाचं घट्ट पाणी भरून ठेवा, त्यात शेवाळ धरत नाही. चुकून वाळलंच तर थेट साधं पाणी घालू नका, मणी फुगून तडकतात. आधी संपृक्त मिठाचं पाणी, काही तासांनी ते हळूहळू पातळ करत जायचं.

नव्या जागी जोडताना ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीसच लावा. व्हॅसलीनने रबर फुगतं. व्हॉल्व्ह बॅकवॉशवर ठेवून इनलेटचा कॉक फक्त पाव उघडा. ड्रेनमधून आधी फुरफुर करत हवा येईल, मग एकसारखी धार. एकदम पूर्ण उघडलं तर हवेच्या गोळ्यासोबत रेझिन वरच्या जाळीवर आदळतं. धार स्थिर झाली की कॉक पूर्ण उघडा, मिठाच्या टाकीत बादलीभर पाणी घाला आणि एक पूर्ण फेरी चालवा. नंतरचं पहिलं पाणी पिवळट असतं, ते नितळ होईपर्यंत सोडून द्या. नव्या बोअरचा हार्डनेस टेस्ट किटने मोजून चाकाच्या पट्ट्या किंवा मीटरचा आकडा नव्याने लावा. जुन्या घरचा पाच दिवसांचा हिशोब इथे दोनावरही येऊ शकतो.